प्रयोग करून दाखवणं पुरे, मुलांना प्रयोग आखायला कसं शिकवायचं?

खडूधूळ

नमस्कार मंडळी. मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, वर्गात पन्नासेक मुलं, आणि प्रयोगशाळा म्हणाल तर दोन कपाटं आणि एक बेसिन. तक्रार करायला आले नाहीये, प्रश्न घेऊन आलेय.

आमच्या मुलांच्या प्रयोगवह्या बघाल तर खूश व्हाल. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आकृती पेन्सिलीने, नावं एका ओळीत, खाली दोन रेघा. अनुमान तर प्रयोगाच्या आधीच लिहून झालेलं असतं, कारण ते पुस्तकात छापलेलंच आहे. पण याच मुलांना म्हटलं, "साखर गरम पाण्यात लवकर विरघळते म्हणतेस, मला नाही पटत, पटवून दे," की वर्ग चिडीचूप. मग एखादी धीट मुलगी म्हणते, "गरम पाण्यात टाकून दाखवते ना बाई." शेजारी गार पाण्याचा ग्लास हवा हे सुचायलाच वेळ लागतो. आणि सुचला की गरम ग्लास चमच्याने ढवळलेला, गार नुसता ठेवलेला. त्यात कुणाला काही खटकत नाही.

मला वाटतं, प्रयोग करणं आणि प्रयोग आखणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि शाळेत आपण फक्त पहिलं शिकवतो. कृती आयती दिली की डोक्याचं काम पुस्तक लिहिणाऱ्याने उरकलेलं असतं, मुलांच्या वाट्याला हमाली उरते.

म्हणून यंदा आठवीला लंबक जरा निराळ्या पद्धतीने घेतला. पुस्तक बंद. प्रत्येक गटाला दोरा, हार्डवेअरच्या दुकानातले सारखे नट, पट्टी आणि एकच प्रश्न: झोका लवकर जाऊन यावा म्हणून काय बदलाल? उत्तरं आली. जड नट घेऊ, जोरात सोडू, दोरा आखूड करू, दोरा जाड घेऊ. फळ्यावर तीन रकाने आखले: काय बदलणार, काय मोजणार, काय जसंच्या तसं ठेवणार. पहिले दोन पटापट भरले. तिसऱ्यावर जवळजवळ अख्खा तास गेला, आणि तोच सत्कारणी लागला.

गंमत झाली वजनाच्या गटांत. एक गट म्हणे, वजन वाढवून काही फरक पडत नाही. दुसरा म्हणे, तीन नट लावले की झोका हळू होतो, हे बघा आकडे. दोघांचेही आकडे खरे होते. मी तोंड बंद ठेवलं (सोपं नसतं हो ते!) आणि एकमेकांचे लंबक बघून यायला सांगितलं. पहिल्या गटाने तिन्ही नट एकाच गाठीत ओवले होते, दुसऱ्याने एकाखाली एक लटकवले होते. दुसऱ्या गटातलीच एक मुलगी ओरडली, "अगं, आपला दोरा लांब झालाय!" वजन बदलायला गेले आणि लांबीही बदलून बसले. तिसरा रकाना कशासाठी असतो हे त्या दिवसानंतर मला समजावून सांगावं लागलेलं नाही.

दुसरं भांडण मोजण्याचं. पंचवीस सेंटिमीटरच्या लंबकाला दहा झोक्यांना साधारण १० सेकंद लागतात, शंभर सेंटिमीटरच्याला २०. एका गटाचं पंचवीसला सारखं नऊच येत होतं. कारण नट सोडतानाच मोजणारा "एक" म्हणायचा, म्हणजे "दहा" म्हणेपर्यंत झोके होणार नऊ! सुरुवात शून्यापासून करायची हे त्यांचं त्यांनी शोधलं.

लंबकाचं जमलं. पण असे प्रश्न दर वेळी आणायचे कुठून? कमी साहित्यात होणारे आणि उत्तर मोबाइलवर चटकन न सापडणारे विषय सुचवा. आणि याला मार्क कसे द्यायचे तेही.

---

मटकीउसळ

मस्त धागा. माझी बाजू वनस्पतिशास्त्राची, त्यामुळे मी बियांवरच येणार.

"बी रुजायला उजेड लागतो का" हा प्रश्न मुलांना द्या. निम्मा वर्ग हो म्हणतो, कारण झाडाला ऊन लागतं हे पाठ असतं. घरी मटकी फडक्यात घट्ट बांधून डब्यात ठेवतात, तिथे कुठला उजेड, हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण हे एका दिवसात संपतं. त्याहून चांगला प्रश्न: पाण्यात किती मीठ असलं की मोड येणं थांबतं? याचं उत्तर पुस्तकात नाही. साधं पाणी, मग ग्लासाला पाव चमचा, अर्धा, एक. खाडीकाठच्या शाळांना तर खारवलेल्या शेताशी थेट जोडता येईल.

यात आखणीचे दोन मुद्दे हमखास निघतात. एक म्हणजे दाणे किती घ्यायचे. मुलं वाटीत तीन दाणे टाकतात, त्यातला एक गणंग (भिजूनही न फुगणारा दाणा) निघाला की तेहतीस टक्के बी मेलं! वीस-पंचवीस तरी हवेत. मग कुणीतरी विचारतं, "बाई, गणंग आधीच काढून टाकू का?" इथे थांबून चर्चा करा. सगळी मटकी एकत्र भिजवून, गणंग बाजूला करून, मग वाट्यांत वाटलीत तर चालेल. वाटल्यानंतर, निकाल दिसायला लागल्यावर एखाद्या वाटीतले गणंग काढलेत तर ती लबाडी. काम तेच, फक्त कधी केलं एवढाच फरक. मोठ्यांनाही हे पटकन कळत नाही.

दुसरं, "मोड आला" म्हणजे काय? एकाला टरफल तडकलं की मोड, दुसऱ्याला शेपटी दिसली की मोड. आधी ठरवा, दोन मिलिमीटर म्हणजे मोड, आणि भिंतीवर लावा.

---

तास_संपला

ताई, उत्साहाचं कौतुक आहे. मी अनेक वर्षं शिकवून आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं थंड पाणी ओततो.

मुलांना थर्मामीटर धरता येत नाही. पट्टीवर शून्याऐवजी एकपासून मोजतात. मोजपात्रात पाण्याची पातळी वरून वाकून वाचतात. अशा मुलांना "तुम्हीच आखा" म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून "आता तूच शैली शोध" म्हणण्यासारखं आहे. आयत्या कृतीला एवढी नावं ठेवू नका. हात बसतो तो त्यातूनच. आणि पस्तीस मिनिटांच्या तासाला तिसऱ्या रकान्यावर अख्खा तास घालवलात तर अभ्यासक्रम मे महिन्यात पुरा करणार का?

---

खडूधूळ

सर, हात बसायला हवा हे शंभर टक्के मान्य. पण तुम्ही सांगितलेल्या चुका आयत्या कृतीत दिसतच नाहीत. पट्टी एकपासून धरली तरी अनुमान छापलेलंच उतरवायचं असतं, मग चूक कुणाला कळणार? उत्तर आधी ठाऊक नसतं आणि शेजारच्या गटाचा आकडा वेगळा येतो, तेव्हा पोरं पट्टी नीट धरायला लागतात. वरचं नऊ आणि दहाचं भांडण तेच.

वेळेचं मात्र तुम्ही बरोबर बोललात. सत्रात एखाद-दोनच प्रयोग असे घेता येतात. बाकीचे कृती वाचूनच होतात, आणि होऊ देत.

---

पळीपंचपात्र

सरांच्या आणि ताईंच्या मधला एक रस्ता आहे. नवा प्रयोग शोधू नका. पुस्तकातलाच जुना घ्या आणि त्याचं अनुमान खरं आहे का, ते तपासणारा प्रयोग मुलांकडून आखून घ्या.

सगळ्यांचा लाडका: ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं की हवेत एक पंचमांश ऑक्सिजन, तो जळून गेला, म्हणून तेवढं पाणी चढलं. मुलांना विचारा: हे खरं असेल तर ग्लास तोच ठेवून एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी किती चढेल? ऑक्सिजन तेवढाच आहे, म्हणजे पाणीही तेवढंच चढायला हवं. वहीत अंदाज लिहून घ्या आणि मग करा. तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्ट जास्त चढतं.

आता खरी मजा. आमच्या इथल्या एका पोराने लगेच हरकत घेतली, "तीन मेणबत्त्यांनी ग्लासातली जागाच जास्त अडवली, म्हणून पाणी वर दिसतं." काय बिनतोड हरकत आहे! मग उपाय मुलांनीच काढला: दोन्ही वेळा तीनच मेणबत्त्या ठेवायच्या, एकदा एकच पेटवायची, दुसऱ्यांदा तिन्ही. तरीही फरक राहतोच. मग "पाणी नेमकं कधी चढतं ते बघा" असं सांगा. चढण्याचा मोठा भाग मेणबत्ती विझल्यानंतर होतो, आणि ग्लास उपडा घालताना कडेने बुडबुडे निघतात. ज्योतीने तापलेली हवा फुगून काही बाहेर गेली, उरलेली थंड होऊन आकसली, म्हणून पाणी आत आलं. मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासातला ऑक्सिजन संपलेलाही नसतो.

एवढ्याला एक तास पुरतो आणि साहित्य शाळेत असतंच. फक्त मोठं माणूस जवळ हवं, केस मोकळे नकोत आणि ओढणी खोचलेली हवी.

---

गोट्या_सोट्या

मेणबत्तीचं मी आज वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा ऐकतोय. शाळेत याच उत्तराला पूर्ण मार्क मिळाले होते. आता ते परत करायचे का? 😄

---

लेस्टरकर_मावशी

इकडे इंग्लंडात माझी मुलगी प्राथमिक शाळेत आहे. इथे "फेअर टेस्ट" हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो: एक गोष्ट बदला, बाकी सारखं ठेवा. चांगलंच आहे, ताईंचे तीन रकाने म्हणजे साधारण तेच. पण त्याचा एक तोटा इथे दिसतो म्हणून लिहिते. मुलांना वाटायला लागतं की विज्ञान म्हणजे फक्त हेच. बागेत येणारे पक्षी मोजणं, चंद्राच्या कला महिनाभर टिपणं, यात बदलणार काय? चंद्राला कोण हलवणार? मुलीने एकदा पक्ष्यांच्या वहीत "मी काहीच बदललं नाही म्हणून हा प्रयोग नाही" असं लिहून ठेवलं होतं.

तेव्हा सत्रातल्या दोनपैकी एक विषय निव्वळ निरीक्षणाचा ठेवा. मुंग्यांची रांग, पावसाळ्यात शाळेच्या भिंतीवर शेवाळ कुठल्या बाजूला आधी येतं, असलं काही. तिथेही आखणी लागतेच: केव्हा बघायचं, किती वेळा, कुठे उभं राहून.

---

दूर्वांकुर

जरा वेगळा प्रश्न विचारू का? माझा मुलगा सातवीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याला भाताचा प्रयोग करायचाय. दोन बरण्यांत शिजवलेला भात. एकीशी रोज प्रेमाने बोलायचं, दुसरीला शिव्या द्यायच्या. शिव्यांचा भात म्हणे आधी काळा पडतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलाय, सासूबाईंनाही पटलाय. मला हसू येतंय, पण नाही म्हटलं तर उत्साह मोडेल. काय करू?

---

शंकासुर

दूर्वाताई, अजिबात नाही म्हणू नका! याहून चांगला विषय मिळणार नाही. ही कल्पना जपानच्या मासारू इमोतो यांच्यामुळे जगभर पसरली. पोराला फक्त म्हणा, असं कर की शेजारच्या खवट काकांनाही खोट काढता येणार नाही.

पहिली खोट: बरण्या दोनच. भातावर बुरशी कुठे पडते हे हवेतला एखादा कण कुठे बसला यावर असतं. दोनांतली एक आधी खराब होणारच, आणि ती शिव्यांची असण्याची शक्यता निम्मी. म्हणजे निव्वळ योगायोगानेही निम्म्या घरांत हा प्रयोग "यशस्वी" होणार, आणि व्हिडिओ तेच टाकणार. दहा छोट्या बरण्या घ्या, पाच आणि पाच. एकाच कुकरातला भात, मोजून तेवढेच चमचे, बरण्या एकत्र उकळलेल्या.

दुसरी खोट: हात. प्रेमाची बरणी हातात घेऊन, झाकण उघडून बोलतात का? तसं असेल तर दोन्हींना तीच वागणूक द्या. बरं तर एकदाही उघडू नका.

तिसरी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची: कुठली काळी पडली हे कोण ठरवणार? तुमच्या मुलालाच ठाऊक असेल तर त्याला शिव्यांचा भात जास्त काळा दिसणारच. तो खोटं बोलतो म्हणून नव्हे, डोळाच तसा बघतो. म्हणून बरण्यांच्या बुडाला फक्त आकडे. कुठला आकडा प्रेमाचा याची चिठ्ठी सासूबाईंच्या डब्यात. दहाव्या दिवशी ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसाने दहा बरण्या चांगल्यापासून वाईटापर्यंत रांगेत लावायच्या. मग चिठ्ठी उघडायची.

बुरशी आलेल्या बरण्या उघडू नका हं, विशेषतः घरात कुणाला दमा असेल तर. बंदच कचऱ्यात.

ही आकड्यांमागे ओळख लपवण्याची युक्ती पोराटोरांची नाही. आपल्याच महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी झाली होती, जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी केलेली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका एकत्र केल्या, त्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या आणि कुठली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ जणांची उत्तरं आली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आलं असतं. हे २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आलंय. आखणी बघा किती साधी आहे, सातवीच्या मुलाला सांगता येईल. उपकरण एकही नाही.

---

दूर्वांकुर

बापरे, एवढं डोकं लावलंत! चिठ्ठी सासूबाईंच्या डब्यात ठेवायची कल्पना त्यांना फारच आवडलीय. शिव्या कोणत्या द्यायच्या यावर घरात वाद चालू आहे, "मेल्या"च्या पुढे जायची परवानगी नाही.

---

चहाटळ

शंकासुर, "ओळखून दाखव" प्रकारातला आणखी एक, आमच्या सोसायटीतल्या पोरांनी केलेला. निम्मी मुलं म्हणत होती की बाटलीबंद पाणी आणि उकळून गार केलेलं नळाचं पाणी आम्ही चवीवरून सहज ओळखतो. आठ पेले, चारांत हे, चारांत ते, क्रम चिठ्ठ्या टाकून. चाखणाऱ्याला चार-चार आहेत एवढं सांगायचं. आठही बरोबर लावले तर मानायचं, कारण अंदाजाने ते सत्तरातून एकदाच जमतं. रोनाल्ड फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने चहात आधी दूध की आधी चहा हे ओळखणाऱ्या बाईंसाठी हीच मांडणी सुचवली होती.

मुलांनी स्वतःहून काढलेला मुद्दा: दोन्ही पाणी एकाच तापमानाचं हवं. बाटली फ्रिजमधली असेल तर मीही ओळखीन.

---

वऱ्हाडी_ऊन

खडूधूळताई, तुम्हाला विषय देतो. संक्रांतीची सुगडं! सण झाला की घरोघरी पडून असतात. आकार बऱ्यापैकी सारखा, फुकट.

प्रश्न: माठातलं पाणी गार का होते? पोट्टे म्हणतात, "मातीच थंड असते." ठीक आहे, तपासा. एक सुगड तसंच, दुसऱ्याला बाहेरून ऑइलपेंट मारून दोन-तीन दिवस वाळवलेलं. माती दोन्हीत तीच. मातीच थंड असेल तर दोन्हीतलं पाणी सारखं गार व्हायला पाहिजे. शेजारी स्टीलचा पेला. तिन्हीत मोजून तेवढंच पाणी, तिन्ही सावलीत, खिडकीजवळ, दर पंधरा मिनिटांनी तापमान. आमच्याकडे एप्रिलमध्ये केलं तर फरक डोळ्यांत भरते. रंगवलेलं सुगड आणि स्टीलचा पेला जवळजवळ भाऊ-भाऊ, साधं सुगड कितीतरी अंशांनी खाली.

किराणा दुकानातला ग्रॅमचा काटा मिळाला तर दर वेळी वजनही घ्या. साध्या सुगडाचं वजन कमी होत जाते, रंगवलेल्याचं फारसं नाही. पाणी झिरपून बाहेर येते, वाऱ्याने उडते, जाताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी उडालं की शंभर ग्रॅम पाणी पाच-सहा अंशांनी गार करायला पुरेल इतकी उष्णता जाते. प्रत्यक्षात तेवढं होत नाही, कारण बाहेरची गरम हवा सारखी परत तापवत असते. हे गणित नववीच्या पोरांना द्या.

---

खारं_वारं

वऱ्हाडी भाऊ, हा प्रयोग आम्ही रत्नागिरी बाजूला जुलैत केला आणि मुलांचं तोंड उतरलं. साधं सुगड आणि रंगवलेलं, फरक नावालाच. मुलं म्हणाली, "सर, प्रयोग फसला."

फसला कुठे? हवेतच एवढा ओलावा असताना सुगडातलं पाणी उडणार कसं! मी त्यांना तुमच्याकडच्यासारखे आकडे दाखवले आणि विचारलं, सुगड तेच, पाणी तेच, मग वेगळं काय? दोन मुलांनी बरोबर पकडलं. पुढची आखणी त्यांचीच: एकाच दिवशी दोन साधी सुगडं, एक पंख्याखाली, एक बंद पिंपात तळाला थोडं पाणी घालून. पिंपातलं जवळजवळ गार झालंच नाही.

एक हरकत रंगाची. पांढरा ऑइलपेंट मारलात तर कुणीतरी म्हणणार, पांढरा रंग उष्णता परतवतो. सावलीत फार फरक पडत नाही, पण तोंड बंद करायला तांबडा, मातीच्या जवळचा रंग घ्या. आणि कोरं सुगड पहिल्या दिवशी बदाबदा पाणी पितं. आदल्या रात्री दोन्ही भिजत घालायची, नाहीतर वजनाचे आकडे काहीच्या काही येतात. अर्थात रंगवायचं ते भिजवायच्या आधी, ओल्यावर रंग धरत नाही.

---

तास_संपला

हे सुगडाचं मला आवडलं, मान्य करतो. विशेषतः "फसला" म्हणून सोडून न देणं. आमच्या वेळी आकडा जुळला नाही की मुलं शेजारच्याचा उतरवत, आणि खरं सांगायचं तर आम्हीही काणाडोळा करत असू. एक नियम सुचवतो: निरीक्षणं पेनाने लिहायची आणि खोडरबर टेबलावर ठेवायचा नाही. आकडा विचित्र वाटला तर त्याला गोल करा, शेजारी कारण लिहा, पण तो वहीतून जाता कामा नये.

---

जुनी_वही

मार्कांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

हे सगळं आपल्या शेजारच्या राज्यात मोठ्या प्रमाणावर झालंय. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली मध्य प्रदेशात सहावी ते आठवीच्या १६ शाळांत सुरू झाला, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांच्या पुढाकाराने. पुढे १९७८ मध्ये तो होशंगाबाद जिल्ह्याच्या अशा सगळ्या शाळांत गेला आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेने सांभाळला. मुलं गटात बसून स्वतः प्रयोग करायची, उत्तरं पुस्तकात छापलेली नसायची. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणारे आपले अरविंद गुप्ताही सत्तरच्या दशकात तिथेच जाऊन काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबशी खेळायला लागले. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, तो वेगळा आणि दुःखाचा विषय.

इथे कामाची गोष्ट म्हणजे त्यांची परीक्षा. लेखी पेपरला पुस्तक उघडं ठेवायची परवानगी होती, आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी. पुस्तक उघडं असलं की पाठांतराचे प्रश्न आपोआप बाद होतात. ताई, घटक चाचणीत तुम्ही एवढं तर करू शकता की एक बिघडलेला प्रयोग देऊन तो दुरुस्त करायला सांगायचं. नमुना देतो:

"संजूला बघायचं होतं की शेणखताने मेथी जास्त वाढते का. त्याने खत घातलेली कुंडी गच्चीवर ठेवली आणि बिनखताची स्वयंपाकघराच्या खिडकीत. दोन्हींत चिमूटभर मेथी पेरली. पंधरा दिवसांनी गच्चीवरची जास्त हिरवीगार दिसली. संजू म्हणाला, खताचा उपयोग होतो. संजूच्या आईला हे पटलं नाही. तिच्या जागी तुम्ही असता तर काय काय विचारलं असतं? प्रयोग परत कसा आखाल?"

पाच मार्क. ऊन वेगळं हे बहुतेक सगळे पकडतात. "चिमूटभर म्हणजे किती दाणे" हे थोडे. "हिरवीगार दिसली म्हणजे मोजलं काय" हे फारच थोडे, आणि "एकेकच कुंडी होती" हे एखाददुसरा. यावरून कोण कुठे आहे ते लगेच कळतं, आणि तपासायलाही पन्नास पेपर एका संध्याकाळीत होतात.

---

पळीपंचपात्र

+१. संजूचा प्रश्न ढापतोय, आगाऊ आभार.

अवांतर: प्रदर्शनं आणि स्पर्धा यांच्या नादात प्रयोगाचं 'मॉडेल' होऊ देऊ नका. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर टाकलेला ज्वालामुखी दिसतो झकास, पण त्यात प्रश्न कुठे आहे? राष्ट्रीय बालविज्ञान परिषद मला त्या मानाने आवडते, १९९३ पासून चालू आहे. दहा ते सतरा वयाची मुलं आपल्या भागातला एखादा प्रश्न घेऊन त्यावर काम करतात. आमच्या तालुक्यातला एक गट विहिरींच्या पाण्याची पातळी वर्षभर मोजत होता. थर्माकोलचा तुकडाही वापरला नाही.

---

खडूधूळ

मंडळी, एवढं भरभरून येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं: सहावीला मटकी आणि मीठ, सातवीला तीन मेणबत्त्या, आठवीला सुगडं. लेस्टरच्या मावशींचं शेवाळ सगळ्यांना, पावसाळाभर, सुट्टीत बघून यायचं. संजू घटक चाचणीत येणारच.

सर, खोडरबरबंदी उद्यापासून लागू. निषेधाच्या घोषणा होतील, पण होऊ देत.

सुगडांबद्दल एक अडचण. माझ्याकडे थर्मामीटर मोजून दोन आहेत आणि भांडी तीन. एकच थर्मामीटर तिन्हीत फिरवू का?

---

खारं_वारं

फिरवा, उलट तेच बरं. शाळेतले दोन थर्मामीटर एकाच पेल्यात बुडवून बघा, बऱ्याचदा एकमेकांशी एक अंशाने फटकून असतात. आम्ही तसे तपासले नव्हते, तेव्हा पोरांनी त्या एका अंशावरूनच "सुगड जिंकलं" जाहीर करून टाकलं होतं. एकच वापरा, दर वेळी तोच क्रम, प्रत्येक भांड्यात अर्धा मिनिट थांबून, पारा पाण्यात असतानाच वाचायचा. बाहेर काढून वाचणारे खूप असतात. दुसरा थर्मामीटर बाजूला हवेत टांगून ठेवा, खोलीचं तापमान लागेलच.